भिंतीआडच्या पंगती

८ ऑगस्ट १८०३. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने सकाळच्या प्रहरी शिड्या लावून नगरची पेठ घेतली. इंग्रजांसोबत असलेल्या गोखले सरदाराने त्यावर पुण्याला कळवलं ते प्रसिद्ध आहे: ही माणसं अजबच, सकाळी आली, तट पाहिला, चढून गेली, आतल्यांना कापलं आणि न्याहारीला परतली. चार दिवसांत किल्लाही गेला. नगरच्या उंची खाण्याचा माग काढताना बहुतेक वेळा असाच तट आडवा येतो. पंगत कुठल्या तरी भिंतीआड बसते आणि पैसे टाकून आत जायची सोय गावाला नसते.

आता तशी सोय झाली आहे म्हणतात. पुणे, मनमाड, संभाजीनगर, सोलापूर या दिशांनी शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट’ आहे आणि त्यातल्या काहींच्या पाटीवर ‘फाइन डाइन’ही आलं आहे. मंद दिवे, उभी घडी घातलेले रुमाल, पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाडजूड मेनूकार्ड. आत पंजाब, चीन आणि थोडी इटली. मंचाव सूप येतं, मसाला पापड येतो, काजू करी येते. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेले आजोबा वेटरला जवळ बोलावून विचारतात, “बाजरीची भाकरी मिळंल का रे?” मिळते. कार्डावर नसली तरी मिळते. मग वाफाळती भाकरी आणि ठेचा येतो आणि काजू करी बाजूला सरकते. शेवटी कोमट पाण्याच्या वाटीत लिंबाची फोड. बिल बघताना सगळे गप्प.

रुमालाची घडी ही काही मुख्य गोष्ट नव्हे. जिन्नस पारखून घेणं, क्रमाने वाढणं, खाणाऱ्याला घाई न करणं, हे जमलं तर बाकी सजावट. आणि हे नगरला नवं नाही. १४९०च्या सुमारास वसलेल्या या शहरात निजामशाहीने फराहबागेसारखा पाण्याने वेढलेला महाल बांधला, खापरी नळांनी लांबून पाणी आणलं. तिथल्या मुदपाकखान्यात काय शिजलं असेल याची कल्पनाच करावी. आज महालात वारा खेळतो.

तटाआडच्या चवीचा सगळ्यांत जिवंत दाखला मात्र एका कैद्याने ठेवला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला नगरच्या किल्ल्यात डांबलं. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चहा करत, हे फारसं कुणी सांगत नाही. चहा चिनी, ‘व्हाइट जास्मिन’. दूध वर्ज्य. दूध-साखर घालून उकळलेल्या प्रकाराला ते चहा मानायलाच तयार नव्हते, त्यांच्या लेखी तो पातळ हलवा. हबीबुर्रहमान खान शेरवानींना लिहिलेल्या, पण तेव्हा टपालात न पडलेल्या पत्रांमध्ये हे सगळं आहे. १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. पेय, त्याची वेळ, त्याचं भांडं आणि त्यासाठी लागणारा एकांत यांचा इतका बारीक विचार आजच्या कुठल्या मेनूकार्डात दिसत नाही. दुधाच्या चहाबद्दलचं त्यांचं मत नगरच्या माळीवाड्यातल्या एखाद्या टपरीवर मांडून बघावं!

चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशालाही १९४८ पासून नगरलाच. लष्करी मेसमधल्या ‘डिनर नाइट’ला पलटणीची चांदी टेबलावर मांडतात, वाइन डावीकडे सरकवत नेतात, राष्ट्रपतींच्या नावाने प्याला उचलल्याशिवाय कुणी उठत नाही. छावणीच्या फाटकाबाहेर मात्र ही शिस्त झिरपली नाही.

मग शिर्डी. हेमाडपंतांच्या ‘साईसच्चरिता’च्या अडतिसाव्या अध्यायातली हंडी वाचावी. साईबाबा स्वतः बाजारात जात, भाव करत, रोख पैसे मोजत, मसाला वाटत, मशिदीपुढच्या अंगणात चूल पेटवून कधी गोड भात तर कधी मांस घालून पुलाव रांधत. जिन्नस निवडण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं एका हाताने. आज प्रसादालयात हजारोंचं जेवण वाफेवर शिजतं. २००९ मध्ये तिथे प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ सौर तबकड्या बसल्या. ताटाला दाम नाही. त्याच गावात तारांकित हॉटेलं उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१७ला काकडीचा विमानतळ सुरू झाला, ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा. जिल्ह्यात पांढऱ्या टेबलक्लॉथचं जेवण कुठे रुजलं असेल तर शिर्डीत. पण ते खाणारा पाहुणा बाहेरगावचा आणि तो दर्शनाला आलेला, म्हणून बहुतेक ठिकाणी शाकाहारी. नगरचा पैसेवाला असल्या जेवणासाठी सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला जातो. घरचं मोठं कार्य असलं की पैसा मंगल कार्यालयात ओततो. रोजच्या संध्याकाळी टेबल भरवणारं गिऱ्हाईक उरतं कुठे?

माझी खरी तक्रार मेनूकार्डाशी आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडची शिपी आमटी घ्या. मिश्र डाळींची, काळ्या मसाल्याची, कढईत रटरटलेली. परातीत भाकरी कुस्करून वर ती ओतायची आणि घाम पुसत खायचं. पंगतीला हमखास, ‘फाइन डाइन’मध्ये बेपत्ता. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, भाताची, भाज्यांची गावरान बियाणी जपली आणि २०२०च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. मुंबईत ‘द बॉम्बे कँटीन’ हे रेस्टॉरंट २०१५ला आणि ‘मास्क’ २०१६ला सुरू झालं. देशी जिन्नस पुढे ठेवून भरपूर दाम घेता येतो, हे या दोघांनी दाखवून दिलं. अकोल्याचा वाल तिथे शोभेल. पण नगर–मनमाड रस्त्यावरच्या एखाद्या मालकाने तो आधी आपल्या कार्डावर घ्यायला काय हरकत आहे? आजोबांनी मागितलेली भाकरी तो देतोच आहे. तिचं नाव तेवढं छापायचं राहिलं आहे.