बादली न उचलता फिश टँक कसा सांभाळाल?

हर्नियाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय आणि घरात फिश टँक आहे. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो, तेव्हा ती विसराच.

पहिला उपाय फुकटचा: खाणं निम्म्यावर आणा. उरलेले दाणे आणि माशांची विष्ठा यांचा अमोनिया होऊन पाणी बिघडतं. धडधाकट, वाढ झालेले मासे आठवड्यातून एखादा दिवस उपाशी राहिले तरी काही बिघडत नाही. (घरचे मात्र "बिचारे भुकेले दिसतायत" म्हणत चिमूटभर टाकतातच. डबा लपवा.)

पाणी काढायला लांब नळी घ्या, थेट मोरीपर्यंत. भरायला कूलरमध्ये असतो तसला छोटा पंप: बादली जमिनीवरच ठेवायची, नळाला पाइप लावून जागेवरच भरायची, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि पंपाने पाणी वर चढवायचं. एका वेळी 10-15 टक्केच. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढा, हे मात्र विसरू नका.

फिल्टरचा स्पंज नळाखाली अजिबात धुऊ नका. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात आणि क्लोरीनने मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की झालं.

मनी प्लँटची एक फांदी लावा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. हे जिवाणू अमोनियापासून जे नायट्रेट बनवतात, ते ती शोषून घेते. शेवाळ वाढतंय? दिवा दिवसाला 6 तासच ठेवा. मागची काच हिरवी झाली तर होऊ द्या, तिथे कोण बघतंय!