कातळावरचं शून्य

सड्यावर खुंटी ठोकता येत नाही. पुस्तकात मात्र सरळ लिहिलेलं असतं : चार खुंट्या ठोका, सुतळी ताणा, एक मीटर बाजूचा चौरस आखा. राजापूरच्या बाजूला जांभ्याच्या कातळावर हे करून पाहा. खुंटी वाकते, नाही तर हात सोलवटतो. म्हणून मॅडमनी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे आणि चार एल्बो आणून चौकट केली आहे. सुटी केली की पिशवीत मावते. आतून दर दहा सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी ओवलेली, म्हणजे शंभर घरं.

मॅडम म्हणजे माझी वर्गमैत्रीण. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गौरी-गणपती आटोपल्यावरच्या एका शनिवारी अकरावीच्या पोरांना घेऊन ती सड्यावर निघाली आणि मी सोबतीला गेलो. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा अकरावी-बारावीला सक्तीचा विषय. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जे निर्देश दिले, त्यातून पर्यावरण सगळ्या शिक्षण मंडळांच्या अभ्यासक्रमात शिरलं. विषय शिरला आणि त्याच्या मागोमाग तयार प्रकल्पवह्याही शिरल्या. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची वही मिळते, नाव बदललं की झालं.

मला यावर नाक मुरडायचा अधिकार नाही. बीएस्सीला असताना माझ्या जर्नलमध्येही दहा चौकटींची मोजणी होती. मी ती वसतिगृहाच्या कॉटवर बसून केली होती. शेरा मिळाला, ‘उत्तम’.

वर पोचलो तर पाऊस नुकताच उघडला होता. सडा उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला भाद्रपदातला सडा ओळखू येत नाही. मे महिन्यात पाय भाजणारा काळा-तांबडा कातळ. आता त्यावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर, मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं, डबक्याच्या काठाला दवबिंदूची चिकट पानं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मातीतलं पोषण धुऊन नेतो. मागे उरतं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. नत्राची अशी टंचाई असल्यावर झाडांनी काय करावं? सीतेच्या आसवांनी पाण्यात बुडालेल्या भागावर बारीक फुगे धरले आहेत. सूक्ष्म जीव त्याच्या दारावरच्या केसाला लागला की फुगा त्याला आत ओढून घेतो. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. मुलांना हे सांगितल्यावर अर्धा वर्ग गुडघ्यांवर.

आता खरं काम. चौकट कुठे टाकायची?

पहिल्या मुलाने अर्थातच ती सगळ्यात दाट निळ्या भागात नेऊन ठेवली. मॅडम काही बोलल्या नाहीत. दोन लांब टेपा काटकोनात पसरल्या आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी आडव्या टेपेची, एक उभ्या टेपेची. जिथे दोन्ही आकडे जुळतील तिथे चौकट. “डोळ्यांना विचारायचं नाही. डोळे लबाड असतात.”

डोळ्यांवरचा हा अविश्वास जुना आहे. अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ माळावर रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या दोघांनी १८९८ साली अशाच चौकटी आखून झाडं एकेक करून मोजली. नुसतं बघून बांधलेले अंदाज किती फसवे असतात, हे त्यांना त्यातून दिसलं. पाउंड पुढे वनस्पतिशास्त्र सोडून कायद्याकडे वळले आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे डीन झाले. पुराव्याची सवय कुठेही उपयोगी पडत असावी.

पहिलीच चिठ्ठी निघाली आणि चौकट पडली उघड्या कातळावर. आत एकही झाड नाही.

“मॅडम, इथं कायच नाय. जरा सरकवू?”

“किती सरकवशील?”

“हातभर. तिथं गेंद हाय.”

“लिही, शून्य.”

त्याने शून्य लिहिलं. पण तोंड असं, की जणू पेपरात मिळालंय.

पुढचे दोन तास मी एका गटापाशी बसून राहिलो. वाचून कळत नाहीत असे प्रश्न तिथे निघतात. झाड अर्धं आत, अर्धं बाहेर असेल तर? नियम असा : डाव्या आणि खालच्या कडेवरचं धरायचं, उजव्या आणि वरच्या कडेवरचं सोडायचं. एकाने गेंदाची बोंडं मोजली आणि आकडा भलताच फुगला. मग ठरलं, जमिनीलगत पानांचा एक झुबका म्हणजे एक झाड. गवताचं काय? त्याचा एक ठोंब कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, यावर दोन मुलींचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी गवताची झाडं मोजायचीच नाहीत, शंभरातली किती घरं त्याने भरलीत ते मोजायचं, असा तोडगा निघाला. तोडगा पुस्तकातलाच आहे, पण तो त्यांना भांडून मिळाला. नाव माहीत नसलेल्या झाडांना ‘पिवळं-१’, ‘केसाळ-२’ अशी नावं पडली. मॅडमनी एकाचंही खरं नाव सांगितलं नाही. मला चारपाच येत होती. मीही जीभ चावून गप्प राहिलो.

दुपारी आंब्याच्या कलमांच्या सावलीत डबे उघडले. ही कलमंही कातळात सुरुंग लावून, खड्डे खणून, खालून माती आणून जगवलेली. वीस चौकटींपैकी एकोणीस झाल्या होत्या. मुलं बेरजा करत होती.

सगळं झाल्यावर तक्ता असा उभा राहिला : गेंद आठ चौकटींत सापडला, एकूण ३१२ झाडं. वीसने भागलं की घनता १५.६. वारंवारता ४० टक्के. आणि जिथे सापडला त्या आठच चौकटींनी भागलं तर विपुलता ३९. म्हणजे गेंद सड्यावर सारखा पसरलेला नाही. जिथे पाणी साचतं तिथे गर्दी करतो आणि दहा पावलांवर त्याचा पत्ता नसतो. तक्त्यात पूर्ण रिकाम्या चौकटी सात होत्या. एका मुलीने कुतूहल म्हणून त्या सात गाळून पाहिल्या. घनता झाली २४.

“मॅडम, आपण सरकवली असती तर सडा दीडपट भरला असता.”

“कागदावर.”

सातबाऱ्यावर नेमकं उलटं घडतं. तिथे अशा कातळाची नोंद बहुधा पोटखराब्यात जाते. एका कागदावर सगळंच शून्य, दुसऱ्यावर एकही नाही. खरा सडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो दिसायचा तर कंबर मोडेपर्यंत वाकावं लागतं. शिवाय त्या सात ‘रिकाम्या’ चौकटीही पुऱ्या रिकाम्या नव्हत्याच. कातळावर जो काळा, ओला झाला की बुळबुळीत होणारा पापुद्रा असतो, त्यात निळसर-हिरवी शैवाळं असतात आणि त्यातली काही हवेतला नत्र बांधतात. पण आमच्या तक्त्याला त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

विसाव्या चौकटीचं मुद्दाम नंतर सांगतोय. जेवणानंतर शेवटची चिठ्ठी काढायची पाळी सकाळच्याच त्या पोराची होती. टेप धरून आम्ही चालत गेलो तो सड्याच्या कडेला, जिथून चिरेखाण सुरू होते. करवतीने कापलेल्या उभ्या तांबड्या भिंती, तळाला साचलेलं पाणी, काठावर भुग्याचे ढीग. चौकट बरोबर भुग्यावर आली.

“हे धरायचं, मॅडम? हा सडा नाय ना आता.”

“चिठ्ठी कोणी काढली?”

“मी.”

मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. तो थोडा वेळ उभा राहिला, मग उकिडवा बसला आणि शंभरच्या शंभर घरं बोटाने तपासली. शून्य लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात त्याने काय लिहिलं ते मी परतताना वहीत पाहिलं : ‘चिऱ्याचा भुगा. खाण आमची.’