अंधांसाठी वाचन सॉफ्टवेअर घेताय? आधी त्याचाही टंच काढा

हुपरी : टंच बघितल्याशिवाय हुपरीकर चांदी घेत नाही. पण घरातल्या अंध मुलासाठी 'बोलणारा कॉम्प्युटर' घ्यायची वेळ आली की विकणाऱ्यानं इंग्रजीत दोन वाक्यं ऐकवली तरी पालक खूश होतात. घरी आणून मराठीचा धडा उघडल्यावर सॉफ्टवेअर गप्प, नाहीतर भलतंच बडबडतं. पैसे अडकतात आणि पोरगं पुन्हा कुणीतरी वाचून दाखवायची वाट बघत बसतं.

पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचणाऱ्या या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. माउसची गरज नसते, सगळं काम कीबोर्डवर चालतं. 'जॉज' हे यातलं जुनं नाव, पण ते विकत घ्यावं लागतं आणि किंमत हजारोंच्या घरात जाते. 'एनव्हीडीए' मात्र पूर्ण मोफत आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. पेन ड्राइव्हवर घेऊन ते कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरवर, इन्स्टॉल न करता चालवता येतं. म्हणजे शाळेतल्या किंवा शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधी आठवडाभर वापरून बघा, पैशाचा विचार नंतर.

तपासायचं काय? पहिली गोष्ट, मराठी आवाज. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या 'ईस्पीक' या आवाजात मराठी आहे. तो यंत्रासारखा वाटतो, पहिल्या दिवशी कानाला नको होतो. पण वेग वाढवला तरी शब्द सुटे ऐकू येतात, म्हणून अनेक अंध वापरकर्ते तोच ठेवतात. गोड आवाजावर भाळू नका. 'चार' आणि 'पाच' यातले दोन वेगळे 'च', 'बाळ'मधला 'ळ', 'हातकणंगले', 'इचलकरंजी' हे शब्द वाचायला लावा. मराठीच्या नावाखाली हिंदी आवाज बसवला असेल तर इथंच कळतं. घरच्या धंद्याचा हिशोब ठेवायचा असेल तर एक्सेलमध्ये वजन, टंच, मजुरीचे रकाने करून ९२.५ सारखा आकडा कसा वाचला जातो तेही ऐका. दशांश चिन्ह गिळलं तर हिशोबच बदलतो.

दुसरी गोष्ट, फाईल. इथं दोष बऱ्याचदा सॉफ्टवेअरचा नसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं 'मराठी' आपल्याला नीट दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती 'ई जे के बी एच' अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये असला तरच मराठी ऐकू येतं. नोटिसीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तर त्यात वाचण्यासारखं अक्षरच नसतं. अशा वेळी गूगल लेन्ससारख्या ॲपनं फोटोतली अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. छापील कागदावर ते बरं चालतं, हस्ताक्षरात घोटाळे होतात. शाळेनं आणि ग्रामपंचायतीनं युनिकोडमध्ये टाईप केलेली फाईलच पाठवली तर निम्मा त्रास वाचेल. त्याला खर्चही नाही.

तिसरी गोष्ट पालकांच्या ध्यानातच येत नाही. ऐकणं म्हणजे वाचता येणं नव्हे. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळपास सारखेच. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन कच्चं राहतं. म्हणून बाण की दाबत एकेक अक्षर ऐकायला लावा आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट सांगितलं जातं का ते बघा. ब्रेल येत असेल तर ते सोडू नका. एनव्हीडीएला ब्रेल डिस्प्लेही जोडता येतो, पण ते यंत्र महाग पडतं.

कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोनवर सुरुवात करा. सेटिंग्जमधल्या सुलभता किंवा ॲक्सेसिबिलिटी विभागात 'टॉकबॅक' असतं. ते चालू असताना एकदा टॅप केलं की फोन वाचतो, दोनदा टॅप केलं की उघडतो. डोळसांनी चालू करून बघितलं तर फोन बिघडल्यासारखा वाटेल, पण तो बिघडलेला नसतो.

ही सगळी चाचणी जो वापरणार त्यानंच करायची, पालकांनी किंवा दुकानदारानं नाही. स्क्रीन बंद ठेवा आणि त्याला स्वतः फाईल उघडून, चार ओळी लिहून, सेव्ह करून पुन्हा शोधू द्या. कुणी मध्ये 'इथं दाब' म्हणायचं नाही.