सारखेच दिसणारे दोन ट्रान्झिस्टर : घ्यायचा कोणता?



सुगी आटोपली, माल बाजारात गेला, चार पैसे गाठीला आले की घरात नव्या रेडिओचा विषय निघतो. जुन्या संचाची खरखर वाढलेली असते, सेलाच्या घरात गंज चढलेला असतो. मग तालुक्याच्या बाजाराला गेल्यावर दुकानदार दोन संच पुढ्यात ठेवतो. रंग तोच, आकार तोच, मूठ तशीच. एक दुसऱ्यापेक्षा दोनशे रुपयांनी महाग. "साहेब, दोन्ही एकच, याला फक्त बँड जास्ती," असं तो सांगतो. तुम्ही बुचकळ्यात पडता आणि शेवटी ज्याचे दिवे जास्त लुकलुकतात तो संच पिशवीत घालून घरी येता.

दुकानात जाण्याआधी एक चौकशी घरीच करा. आपल्या गावात दिवसा नीट काय ऐकू येतं? मध्यम लहरी, की एफ.एम.? या दोघींची चाल निराळी आहे. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते, तिला डोंगर-टेकडीची फारशी अडचण वाटत नाही. एफ.एम.ची लहर सरळ रेषेत जाते. मनोरा आणि तुमचं शिवार यांच्यामध्ये डोंगर आडवा आला की आवाज गेलाच. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या खोऱ्यात एफ.एम. घुसमटते आणि पलीकडच्या पठारावर तीच खणखणीत वाजते, याचं कारण हे. त्यात अलीकडच्या वर्षांत देशभरात मध्यम लहरीचे काही जुने प्रक्षेपक बंद झाले आणि कार्यक्रम एफ.एम.वर गेले. तेव्हा शेजाऱ्याकडे त्याच्या संचावर कोणतं केंद्र कोणत्या लहरीवर लागतं ते विचारा, आणि दिवसाच विचारा. रात्री मध्यम लहर आकाशातून परतून येते आणि शेकडो मैलांवरची केंद्रंही लागतात, त्यावरून अंदाज चुकतो.

आता त्या जास्तीच्या बँडांविषयी. एका संचावर 'तीन बँड' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'अकरा बँड'. अकरांत एक मध्यम लहर, एक एफ.एम. आणि बाकीचे नऊ म्हणजे लघुलहरीचेच तुकडे. एका भाकरीचे नऊ तुकडे केले म्हणून नऊ भाकरी होत नाहीत. परदेशी केंद्रं ऐकण्याचा छंद असेल तर हे तुकडे सोयीचे, कारण काटा नेमका लावता येतो. पण हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला ऐकणाऱ्याला त्यासाठी दोनशे रुपये जास्त देण्यात काही मतलब नाही.

खरा फरक पाठीच्या झाकणाआड असतो. मध्यम लहर पकडण्याचं काम बाहेरची लांब होणारी काडी करत नाही, बरं का. ती काडी एफ.एम. आणि लघुलहरीसाठी. मध्यम लहरीसाठी आत तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते, फेराइटची. ती बोटाएवढी आखूड असली तर दूरचं केंद्र क्षीण येतं, वीतभर असली तर तेच केंद्र भरून येतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन संचांत एकात आखूड कांडी आणि दुसऱ्यात लांब, असं सर्रास आढळतं. झाकण उघडायला दुकानदार कबूल होणार नाही. न उघडता पारख करायची ती अशी.

दोन्ही संच घेऊन दुकानाबाहेर, रस्त्यावर मोकळ्यात या. आत एल.ई.डी.चे दिवे आणि मोबाईलचे चार्जर असतात, त्यांची घरघर मध्यम लहरीत मिसळते आणि चांगला संचही वाईट वाटतो. भर दुपारी, मुद्दाम क्षीण येणारं केंद्र लावा. जवळचं जोरदार केंद्र भंगारातला संचही वाजवून दाखवतो, त्यावरून काही कळत नाही. आता संच हातात धरून जागच्या जागी सावकाश गोल फिरवा. आवाज एका दिशेला वाढेल, एका दिशेला बुडेल. तसं होणं हा दोष समजू नका, कांडीचा तो स्वभावच आहे. ज्या संचात वाढलेला आवाज स्वच्छ आणि खरखर कमी, तो उजवा. दुसरा संच त्याच जागी, त्याच केंद्रावर, लगोलग तसाच फिरवून पहा. एक सकाळी आणि एक संध्याकाळी पाहून तुलना होत नाही.

आकडे दाखवणारा संच घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पहा. आपल्याकडे मध्यम लहरीची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत, अमेरिकेत १० च्या. तिकडच्यासाठी बनवलेला संच बटण दाबलं की दहा-दहाच्या उड्या मारतो आणि आपलं केंद्र दोन उड्यांच्या मध्येच राहून जातं. दुकानात बटण दाबून आकडे मोजा. ५३१, ५४०, ५४९ असे चढले तर ठीक. ५३०, ५४०, ५५० असे चढले तर ९-१० बदलण्याची सोय आहे का ते विचारा. एफ.एम.चा पट्टा १०८ पर्यंत जातो की नाही, तेही बघून घ्या. जपानसाठीचे काही संच ९०-९५ लाच थांबतात आणि आपली बरीचशी केंद्रं शंभराच्या पुढे आहेत.

मग आवाज. खोक्यावर '१००० वॉट पी.एम.पी.ओ.' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्याकडे बघूच नका. दीड व्होल्टच्या दोन सेलांवर चालणारा संच खरोखरची एक वॉट ताकदही मोठ्या मुश्किलीने काढतो. कागदावर 'आर.एम.एस.' पुढे लिहिलेला आकडा तेवढा विचारात घ्या. रानात ऐकायचं तर बातम्या लावून आवाज पाऊण चढवा आणि वीस पावलं लांब जा. शब्द न् शब्द कळला पाहिजे. गाणं लावून पारख करू नका, गाण्यात दोष झाकले जातात.

खर्चाचा खरा खड्डा सेलांत आहे, आणि विकत घेताना तोच कोणी बघत नाही. एक संच मोठ्या दोन सेलांवर चालतो, दुसरा पेन्सिल सेलांवर. मोठ्या सेलात पेन्सिल सेलाच्या साधारण पाच-सहा पट ऐवज असतो, किंमत मात्र त्या पटीत नसते. रोज तीन-चार तास ऐकणाऱ्या घराने मोठ्या सेलांचा संच घ्यावा, असं आमचं सरळ मत आहे. संच जरा जड होतो, पण वर्षभराच्या सेलांचा खर्च मांडून पाहिलात तर दोनशे रुपयांचा फरक कुठल्या कुठे जातो. बाजाराला जाताना घरच्या विजेरीतले अर्धे संपलेले सेल खिशात घेऊन जा. दुकानदाराच्या नव्या सेलांवर दोन्ही संच छान वाजतील. तुमच्या उतरलेल्या सेलांवर एक गप्प बसेल किंवा बोबडा बोलेल आणि दुसरा वाजत राहील. तो दुसरा घ्या.

आतच चार्ज होणारी बॅटरी असलेले संच हल्ली पुष्कळ आलेत. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला ते सोयीचे. पण बॅटरी बाहेर काढता येते ना, हे पहा. झाळलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमली की अख्खा संच अडगळीत जातो. चपटी बी.एल.-५सी जातीची किंवा गोल १८६५० जातीची बॅटरी असेल तर ती पुढे बाजारात वेगळी मिळते. गोल बॅटरीवर '९९०० मिलिअँपिअर-तास' असं लिहिलेलं दिसलं तर खुशाल समजा की आकडा खोटा आहे. चांगल्या कंपनीची या मापाची बॅटरी साधारण २००० ते ३५०० चीच असते. बॅटरीवर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. खूण नसलेला चार्जर तापतो, आणि कडब्याच्या गंजीजवळ तापलेला चार्जर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पाठीवर सौरपट्टी असलेल्या संचाचा हिशोब तोंडीच करता येतो. पट्टी दहा सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर. एवढ्या जागेवर टळटळीत उन्हात ५ वॉट ऊन पडतं, आणि पट्टी त्यातला फार तर पाचवा भाग, म्हणजे १ वॉट देते. साध्या पट्ट्या निम्म्यावरच असतात. तेवढ्याने बॅटरी पूर्ण भरायला दीड-दोन दिवसांचं कडक ऊन लागतं, आणि तसा संच उन्हात भाजत ठेवला तर बॅटरी लवकर मरते. अडीअडचणीला बरी, एवढंच.

विजेवरही चालणारा संच असेल तर तार लावून आवाज अगदी शून्यावर आणा आणि कान लावा. सतत हूं-हूं ऐकू आली तर आतली जोडणी स्वस्तातली आहे.

१९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत शेतकी रेडिओ मंडळं निघाली होती. गावात संच एक आणि ऐकणारे वीस-पंचवीस, मग त्यावर चर्चा. तसे चौघे मिळून एकच चांगला संच घ्यायला आजही हरकत नाही. चार हलक्या डबड्यांपेक्षा तो स्वस्त पडतो, आणि वादळी पावसाचा इशारा चौघांनाही वेळेवर कळतो. वळवाच्या दिवसांत मध्यम लहर लावून ठेवली तर दूरच्या विजेची कडकड संचात आधी उमटते, तेवढ्यात झाडाखालून निघून घर गाठता येतं.

पैसे मोजण्यापूर्वी खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि संचाच्या पाठीवरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का ते पहा. शेवटच्या एका अक्षरात फरक असला तरी आतला संच निराळा असू शकतो. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असते. ती नसेल तर उठून या. पक्की पावती मागा, तीवर मॉडेल क्रमांक लिहून घ्या, आणि हमीपत्रावर तारीख नि शिक्का तिथेच उभं राहून मारून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर हमी मिळत नाही. संच बिघडला आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, दुकान कुठेही असो. पावती मात्र हवी. ती संचाच्या खोक्यात ठेवू नका, खोकं उंदीर कुरतडतात. सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा.