अनसूया-प्रियंवदा पुढें कोठें गेल्या?

घरांतील मुलीसुनांच्या हातीं कोणत्या कादंबऱ्या द्याव्या, हा प्रश्न आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षें चर्चिला जात आहे. पुस्तकें बदललीं, वाचणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या बदलल्या. आक्षेप मात्र फारसा बदललेला नाहीं. स्त्रियांनीं स्त्रियांविषयीं लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत प्रेम, मैत्री आणि मोडलेला डाव पुन्हां मांडणें यांखेरीज दुसरें कांहीं नसतें, आणि त्या वाचून संसारांत रमलेलें मन संसारांतून उठतें, असें वडील मंडळी म्हणतात. तरुण मंडळी यावर हसतात आणि पुस्तक उशीखालीं ठेवतात. आमच्या मतें हा विषय हसण्यावारी नेऊं नये आणि उशीखालींहि ठेवूं नये. त्याचा विचार माजघरांत, सर्वांच्या देखत व्हावा. त्याकरितां हा लेखनप्रपंच.

प्रथम 'कादंबरी' या शब्दाकडेच पाहूं. मराठींत व कानडींत या वाङ्मयप्रकाराला मिळालेलें हें नांव बाणभट्टाच्या सातव्या शतकांतील गद्यकथेवरून आलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या कथेंत काय आहे, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. महाश्वेता ही गंधर्वकन्या. तिचें मन पुंडरीक नामक मुनिकुमारावर जडलें. परंतु दोघांचें मीलन होण्यापूर्वींच विरहतापानें त्याचा अंत झाला. तो पुन्हां भेटेल, या दिव्य पुरुषाच्या आश्वासनावर विश्वासून ती अच्छोद सरोवराच्या कांठीं तप करीत राहिली. कादंबरी ही तिची जिवलग मैत्रीण. 'महाश्वेता दुःखांत आहे तोंवर मी विवाह करणार नाहीं,' असा तिनें निश्चय केला. म्हणजे नायिकेचा पहिला निष्ठेचा निर्णय प्रियकरासाठीं नसून मैत्रिणीसाठीं आहे. चंद्रापीड तिच्या आयुष्यांत मागाहून येतो. तोहि प्राणांस मुकतो, आणि ती त्याचा देह जतन करीत बसते. अखेरीस दोघींनाहि आपापलें माणूस परत मिळतें. मात्र त्यापूर्वीं त्या पुरुषांना दुसरे जन्म घ्यावे लागतात, आणि त्यांतील एकाला तर पोपट व्हावें लागतें.

प्रेम, मैत्री आणि पुन्हां मांडलेला डाव! ज्या ग्रंथानें आमच्या साऱ्या कादंबऱ्यांना नांव दिलें, त्याचे विषय तंतोतंत हेच आहेत. मग आजच्या लेखिकांनीं तेच विषय हातीं घेतले, तर त्यांनीं कोणती मर्यादा ओलांडली? भेद असेल तर एवढाच, कीं बाणाच्या जगांत दुसऱ्या संधीसाठीं दुसरा जन्म लागतो. आजची लेखिका ती याच जन्मांत मागते.

शाकुंतलाची गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. हें नाटक आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. चौथा अंक संपतां संपतां मुलगे पुढें काय होतें याची वाट पाहात. पण एखादी मुलगी हळूच विचारी, 'अनसूया आणि प्रियंवदा पुढें कोठें गेल्या?' प्रश्न साधा, परंतु उत्तर देणें कठीण. शकुंतला सासरीं निघते तेव्हां सख्यांनींहि बरोबर यावें अशी तिची इच्छा असते. त्यांचाहि विवाह व्हावयाचा आहे, त्यांनीं तेथें जाणें योग्य नाहीं, असें कण्व सांगतात. तिच्या सोबतीला गौतमी आणि दोन शिष्य निघतात. त्यानंतर या दोघी नाटकांत पुन्हां दिसत नाहींत. कवींनीं अशा स्त्रियांची उपेक्षा केली, ही गोष्ट रवीन्द्रनाथ ठाकुरांनीं एका प्रसिद्ध निबंधांत दाखवून दिली आहे.

आम्हांस येथें निराळ्याच मुद्द्याकडे लक्ष वेधावयाचें आहे. दुर्वासाचा शाप शकुंतलेनें ऐकलाच नव्हता. तो ऐकला होता या दोघींनीं. तिच्या कोमल मनाला धक्का नको, म्हणून त्यांनीं तो तिला सांगितला नाहीं. राजानें न ओळखल्यास अंगठी दाखव, एवढेंच त्या म्हणाल्या. पांचव्या अंकांत राजसभेंत अंगठी सांपडत नाहीं आणि राजा तिला झिडकारतो, त्या वेळीं खरें कारण जाणणारें एकहि माणूस तेथें नसतें. गौतमी वयानें मोठी आहे, शिष्य विद्वान आहेत. पण त्यांपैकीं एकालाहि वस्तुस्थिति ठाऊक नाहीं, आणि शेवटीं तेहि तिला तेथेंच टाकून जातात. अनसूया बरोबर असती, तर त्या एका अंकाचें रूप बदललें असतें. मैत्रीण म्हणजे केवळ गुजगोष्टींची सोबतीण नव्हे. स्त्रीच्या आयुष्यांत काय घडलें याची ती साक्षीदार असते. तिला दूर ठेवलें कीं साक्ष नाहींशी होते. सातव्या अंकांत मारीचाश्रमांत दुसरी संधि येते खरी. पण ती मुख्यतः राजाला मिळते. त्याची स्मृति परत आली, म्हणून शकुंतलेचा संसार परत आला.

आमच्या विदर्भाच्या पद्मपुरांत ज्याच्या घराण्याचें वास्तव्य होतें, त्या भवभूतीनें मात्र हें मर्म ओळखलें होतें. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकांत सीतेची सखी वासंती प्रत्यक्ष रामाला जाब विचारते, आणि अदृश्य रूपानें जवळ असलेली सीता तें ऐकते. पुढें वाल्मीकीची शोकान्त अखेर बाजूला सारून भवभूतीनें दोघांना पुन्हां एकत्र आणलें. मैत्रिणीनें प्रश्न विचारला, त्यानंतरच हें पुनर्मीलन घडतें, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

आतां मराठीकडे वळूं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला, आणि पुढच्याच वर्षीं बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' निघालें. पहिली मराठी कादंबरी म्हणून गणल्या जाणाऱ्या या पुस्तकाचा विषयच विधवांची दुःस्थिति हा आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. ती एका पुरुषानें लिहिली. पण यमूच्या तोंडून तिचीच कहाणी तिनें सांगावी, अशी तिची रचना आहे. यमूला दुर्गी नांवाची मैत्रीण आहे. दोघी आपापल्या घरीं सोसतात, एकमेकींचें सोसणें जाणतात, आणि एकमेकींसाठीं कांहींहि करूं शकत नाहींत. यमूला वैधव्य येतें, केशवपन होतें, आणि शेवटीं मृत्यु. दुसरी संधि त्या घरांत नव्हतीच. म्हणून आपट्यांनीं ती खोटी आणून दाखविली नाहीं.

ही संधि कादंबरीच्या आधीं प्रत्यक्षांत आली, ही विशेष गोष्ट आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विवाह केला. गोदूबाईंचा बंधु कर्व्यांचा मित्र. तेव्हां या विवाहाच्या मुळाशींहि मैत्रीच होती. मुरूडकरांनीं कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्याच गोदूबाईंनीं, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनीं, पुढें 'माझें पुराण' लिहिलें. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले याहि विधवा. त्यांनीं पुनर्विवाह केला नाहीं. त्या शिकल्या, कर्व्यांच्या आश्रमासाठीं गांवोगांव हिंडल्या, अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या, आणि १९२८ सालीं 'माझी कहाणी' हें आत्मचरित्र त्यांनीं प्रसिद्ध केलें. एका घरांतील दोन बहिणी; एकीची दुसरी संधि संसारांत, दुसरीची कार्यांत. मोडलेला डाव पुन्हां मांडणें म्हणजे दुसरा पुरुष शोधणें, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं.

१९३३ सालीं विभावरी शिरूरकर या टोपण नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला आणि महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. लिहून-शिकून अविवाहित राहिलेल्या, घरच्यांच्या मिळवत्या झालेल्या मुलींच्या मनांत काय चालतें, तें त्यांत उघड सांगितलें होतें. लोक कथांची चर्चा करण्याऐवजीं लेखिका कोण याचाच शोध करूं लागले. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचें तें लेखन होतें. १९३४ च्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरींतील अचला पतीपासून दुरावलेली. विरागवर तिचें प्रेम बसतें. पण घटस्फोटाची वाट तिला खुली नाहीं. हा विषय वाचून त्या काळीं नाकें मुरडणाऱ्यांनीं एक तारीख पाहावी. मुंबई प्रांतांत हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा १९४७ सालीं आला, आणि साऱ्या देशासाठीं हिंदु विवाह कायदा १९५५ सालीं. कायद्यानें जें दार पुढें उघडलें, त्यावर कादंबरीनें तेरा वर्षें आधीं थाप मारली होती.

अलीकडच्या लेखनापैकीं दोघींचा उल्लेख येथें पुरेसा आहे. गौरी देशपांडे यांचें 'एकेक पान गळावया' १९८० सालीं आलें. जुन्या कादंबऱ्या जेथें अक्षता पडून संपत, तेथें गौरीबाईंची कथा सुरू होते. त्यांच्या नायिका बहुधा प्रौढ, संसार पाहिलेल्या. प्रेम म्हणजे काय, त्यांत स्वतःचें असें किती उरतें, पुरुषाशीं निखळ मैत्री शक्य आहे काय, असे प्रश्न त्या विचारतात. 'गोफ' या कादंबरींत सासू व सून यांच्या आयुष्यांचा पीळ आहे. एकत्र कुटुंबांत राहाणाऱ्या दोघींनीं ती एकाच महिन्यांत वाचावी, असें आम्ही सुचवूं. गौरीबाई या इरावती कर्वे यांच्या कन्या आणि धोंडो केशव व आनंदीबाई यांची नात. १८९३ सालीं एका विधवेला दुसरी संधि मिळाली नसती, तर ही लेखिकाच जन्मास आली नसती!

शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' ही कादंबरी १९९० ची. घरचा भार लहानपणापासून वाहिलेली, विवाहित वरिष्ठाच्या प्रेमांत वर्षानुवर्षें अडकलेली रीटा मनानें कोसळते आणि रुग्णालयांत जाते. तेथून ती हळूहळू सावरते, तें कोणा नव्या प्रियकराच्या आधारानें नव्हे. तिची मैत्रीण सरस्वती तिला समजून घेते, आणि रीटा स्वतःच्या आयुष्याकडे नीट पाहूं लागते. पुढें २००९ सालीं या कथेवर रेणुका शहाणे यांनीं चित्रपटहि काढला. कालिदासानें जिला चौथ्या अंकांत निरोप दिला, ती मैत्रीण येथें शेवटपर्यंत थांबली आहे.

आतां आक्षेपाचा विचार. अशीं पुस्तकें वाचून संसार मोडतात काय? आमच्या आप्तांत एक मुलगी लग्नानंतर दोन वर्षांनीं माहेरीं परत आली. मोठ्या घरांतील प्रत्येकानें तिला उपदेश केला. काय घडलें, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. पाहुणे आले कीं तिला आंतल्या खोलींत बसावें लागे. तिची कॉलेजांतील मैत्रीण दर रविवारीं येई, आणि दोघी गच्चीवर तास-तास बोलत. सहा महिन्यांनीं त्या मैत्रिणीनेंच तिच्या आईला बसवून सारी हकीकत सांगितली. ती ऐकून घरांतील सर्वांत कर्मठ आजीनें पुन्हां सासरचें नांव काढलें नाहीं. आज ती मुलगी शिक्षिका आहे आणि आपल्या पायांवर उभी आहे. या मुलीनें तोंवर एकहि कादंबरी वाचलेली नव्हती. तिचा संसार पुस्तकानें मोडला नाहीं. उलट, तिच्या घरच्यांनीं चार चांगलीं पुस्तकें वाचलेलीं असतीं, तर 'काय घडलें?' हा प्रश्न त्यांना सहा महिने आधीं सुचला असता.

अर्थात् सारींच पुस्तकें सारख्या योग्यतेचीं नसतात. दुःख आलें कीं दहाव्या पानावर श्रीमंत, देखणा आणि समजूतदार पुरुष हजर करणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. त्यांत दुसऱ्या संधीची किंमत कोणालाच द्यावी लागत नाहीं. आमची कसोटी साधी आहे. डाव पुन्हां मांडतांना नायिकेला काय सोडावें लागलें, मुलांचें व म्हाताऱ्या माणसांचें काय झालें, पैसा कोठून आला, हें लेखिकेनें सांगितलें आहे काय? आणि संकटांत मैत्रीण नुसती अश्रु पुसते, कीं कटु सत्यहि सांगते? अनसूया-प्रियंवदांनीं प्रेमापोटीं शाप लपविला. त्याचें फळ शकुंतलेनें भोगलें. खऱ्या मैत्रीला थोडें कठोर व्हावें लागतें, हें ज्या पुस्तकांत दिसेल तें निःशंक घरांत आणावें.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. हीं पुस्तकें केवळ मुलीसुनांनीं वाचावयाचीं, ही समजूत टाकून द्यावी. सासऱ्यांनीं व मुलग्यांनीं तीं अगोदर वाचावीं. कारण घरांत दुसरी संधि द्यावयाची कीं नाहीं, हें अद्यापि पुष्कळ ठिकाणीं त्यांच्याच शब्दावर ठरतें. रात्रीं जेवणें झाल्यावर घटकाभर कोणीं मोठ्यानें वाचावें, इतरांनीं ऐकावें, पटलें नाहीं तेथें वादहि घालावा. आणि एखादी लेक संकटांत सांपडून दारीं आली, तर तिला आंत घेतांना तिच्या मैत्रिणीलाहि आंत बोलवावें. घरच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक नसलेलें कांहीं तिला ठाऊक असण्याचा संभव असतो.