माल आज गेला, पैसे तीन महिन्यांनी : मग मधल्या काळात बिल 'वटवता' येतं, ते कसं ?

भोसरी, सातपूर, वाळूज, बुटीबोरी. कुठल्याही एमआयडीसीत जा आणि एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याला विचारा, "काय, धंदा कसा चाललाय ?"

उत्तर जवळपास ठरलेलं असतं. "ऑर्डरी आहेत हो, पण पैसे अडकलेत."

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काम आहे म्हणजे पैसा असणारच. पण छोट्या उद्योगांना टाळं लागतं तेव्हा दरवेळी कारण तोटा नसतो. वहीत नफा दिसत असतो आणि खात्यात पगाराचे पैसे नसतात.

हे कसं होतं ते एका उदाहरणाने बघू.

समजा, तुमचं मशीनिंगचं युनिट आहे. तुम्ही एका मोठ्या कंपनीला १० लाखांचे पार्ट दिले. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल झालं ११ लाख ८० हजारांचं. कंपनी म्हणाली, पैसे ९० दिवसांनी.

आता या ९० दिवसांत काय काय येतं ? कामगारांचे तीन पगार, तीन वीजबिलं, मशीनचे तीन हप्ते. पुढच्या ऑर्डरीसाठी कच्चा माल. आणि जीएसटी. तो बिल फाडलं की लागू होतो. कच्च्या मालावर भरलेला कर वजा करून उरलेला जीएसटी, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. समोरच्याने तुम्हाला एक रुपया दिलेला नसला तरी.

थोडक्यात, ९० दिवस त्या मोठ्या कंपनीला बिनव्याजी पैसे कोण वापरायला देतंय ? तुम्ही.

कायदा काय म्हणतो ?

कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि चांगला कडक आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला की ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. लेखी करारात ९० दिवस लिहिले असले तरी मर्यादा ४५ चीच. करारच नसेल तर १५ दिवस.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. कौन्सिलचा निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर आधी निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात.

२०२३ च्या अर्थसंकल्पात आणखी एक फास आवळला. प्राप्तिकर कायद्यात ४३ब(एच) हे कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्याचा कर वाढतो.

मग अडचण कुठे आहे ? अडचण अशी, की तक्रार करायची कुणाविरुद्ध ? ज्याच्याकडून उद्याची ऑर्डर यायची आहे त्याच्याविरुद्ध. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार ?

म्हणून मग दुसरा रस्ता शोधला जातो. पैसे येतील तेव्हा येतील, तोवर बिलच वटवायचं.

ही आयडिया नवीन नाही

'वटवणे' हा शब्द आपल्याकडे चेकच्याही आधीचा. पूर्वी व्यापारी हुंडीवर व्यवहार करायचे. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळायचे, मुदती हुंडीला ठरलेल्या तारखेपर्यंत थांबावं लागायचं. थांबायचं नसेल तर सावकाराकडे जाऊन हुंडी वटवायची. तो थोडे पैसे कापून उरलेले हातात द्यायचा. हा कापलेला भाग म्हणजे वटाव.

आज ज्याला इन्व्हॉइस डिस्काउंटिंग म्हणतात ते मुळात हेच आहे. हुंडीच्या जागी बिल आलं आणि सावकाराच्या जागी बँक किंवा फायनान्स कंपनी.

डिस्काउंटिंग आणि फॅक्टरिंग, फरक काय ?

इन्व्हॉइस डिस्काउंटिंगमध्ये तुम्ही बिलाच्या जोरावर पैसे उचलता. वसुली तुम्हीच करता. समोरच्या कंपनीला कधीकधी याचा पत्ताही नसतो.

फॅक्टरिंगमध्ये तुम्ही बिल विकूनच टाकता. घेणारी कंपनी म्हणजे फॅक्टर. वसुलीसाठी फोन करणं, हिशोब ठेवणं हे सगळं त्याच्याकडे.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि सही करण्याआधी तो विचारलाच पाहिजे. समोरच्या कंपनीने पैसे बुडवले तर ते कुणाचे बुडाले ?

करारात 'विथ रिकोर्स' असेल तर तुमचे. फायनान्स कंपनी तुमच्याकडे परत येणार. म्हणजे नाव काहीही असलं तरी ते तुमच्या डोक्यावरचं कर्जच. 'विदाउट रिकोर्स' असेल तर धोका घेणाऱ्याचा. साहजिकच तो जास्त पैसे कापतो, किंवा फक्त तगड्या कंपन्यांची बिलं घेतो.

भारतात आधुनिक फॅक्टरिंग तसं उशिरा आलं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कल्याणसुंदरम समितीने १९८८ मध्ये शिफारस केली आणि १९९१ मध्ये स्टेट बँक आणि कॅनरा बँकेच्या फॅक्टरिंग कंपन्या उभ्या राहिल्या. पण बाजार वाढला नाही. स्वतंत्र कायदाच २०११ चा. त्यातही अटी अशा, की हा धंदा करू शकणाऱ्या फायनान्स कंपन्या देशभरात मोजून ७. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार पात्र कंपन्यांचा आकडा ७ वरून १८२ वर गेला.

आता 'ट्रेड्स' काय आहे ?

एका छोट्या वर्कशॉपवाल्याने एकाच बँकेचे उंबरठे झिजवायचे, त्यापेक्षा त्याच्या बिलावर अनेक बँकांनी बोली लावली तर ? या विचारातून रिझर्व्ह बँकेने ट्रेड्स ही व्यवस्था आणली. २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट असे तीन प्लॅटफॉर्म सुरू झाले. नंतर त्यात भर पडली.

काम असं चालतं :

१. तुम्ही बिल प्लॅटफॉर्मवर टाकता.
२. खरेदीदार कंपनी ते मान्य करते, म्हणजे 'हो, इतके पैसे आम्ही देणं लागतो' असं सांगते.
३. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यावर बोली लावतात. कोण किती कमी व्याजात पैसे देतं ते दिसतं.
४. तुम्ही पटेल ती बोली घेता. एक-दोन दिवसांत पैसे खात्यात.
५. मुदत संपली की पैसे थेट खरेदीदाराच्या खात्यातून वळते होतात.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, इथला व्यवहार विदाउट रिकोर्स असतो. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्या मागे लागत नाही. दोन, व्याजाचा दर ठरतो तो खरेदीदाराची पत बघून, तुमची नाही. तुमच्याकडे तारण ठेवायला काही नसेल, पण बिल नावाजलेल्या कंपनीवर असेल, तर त्या कंपनीच्या पतीवर तुम्हाला स्वस्त पैसा मिळतो.

किती स्वस्त ? वरचेच १० लाख धरू, जीएसटी सोडून. ९० दिवसांसाठी ९ टक्क्यांनी बिल वटवलं तर वटाव होतो साधारण २२ हजार २०० रुपये. प्लॅटफॉर्मची फी वेगळी. तेच पैसे बाहेरून महिना २ टक्क्यांनी उचलले तर तीन महिन्यांचं व्याज ६० हजार. पार्टमागे चार पैसे सुटणाऱ्या धंद्यात हा फरक म्हणजेच नफा.

मग गाडी अडते कुठे ?

दुसऱ्या पायरीवर. खरेदीदाराने बिल मान्य केलं नाही तर पुढचं काहीच होत नाही.

सरकारने मोठ्या कंपन्यांना ट्रेड्सवर येणं बंधनकारक केलं. २०१८ मध्ये ही सक्ती ५०० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये मर्यादा २५० कोटींवर आणली. पण ही सक्ती नोंदणीची आहे. नोंदणी केलेल्या कंपनीने आलेलं प्रत्येक बिल मान्य केलंच पाहिजे, असं त्यात नाही.

याचं कारणही साधं आहे. मान्य केलेलं बिल ठरल्या दिवशी खात्यातून जाणारच. 'साहेब सुट्टीवर आहेत', 'चेकवर सही व्हायचीये' या सबबी तिथे चालत नाहीत.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. पैसे वेळेत मिळणं हा तुमचा हक्क होता. ते वेळेत मिळावेत म्हणून २२ हजार सोडायचे, तर उशिराची किंमत शेवटी कुणी मोजली ? बिल वटवणं ही चांगली सोय आहे, पण ४५ दिवसांत पैसे मिळण्याला ती पर्याय नाही.

रील बघून पैसे गुंतवणाऱ्यांसाठी

'मोठ्या कंपन्यांच्या बिलांत पैसे लावा, एफडीच्या दुप्पट कमवा' अशा जाहिराती तुमच्याही फीडवर आल्या असतील. पहिली गोष्ट, ट्रेड्सवर सामान्य माणसाला पैसे लावता येत नाहीत. तिथे बँका, फायनान्स कंपन्या अशा परवानगी असलेल्या संस्थाच असतात.

दुसरी गोष्ट, २०२५ च्या फेब्रुवारीत हैदराबादमध्ये पुढे आलेलं 'फाल्कन इन्व्हॉइस डिस्काउंटिंग' प्रकरण. मोठ्या कंपन्यांच्या नावाने बनावट व्यवहार दाखवून लोकांकडून सुमारे १७०० कोटी रुपये घेतले, त्यातले निम्मे परत केलेच नाहीत, असा सायबराबाद पोलिसांचा आरोप आहे. बिल खरं आहे का आणि खरेदीदाराने ते मान्य केलंय का, हे तपासता येत नसेल तर तुम्ही बिलात नाही, कुणाच्या तरी शब्दावर पैसे लावताय.

तुमचं युनिट असेल तर एवढं करा

उद्यम नोंदणी करा आणि बिलावर तो नंबर छापा. ४५ दिवसांचा नियम उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांना तो लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच जपून ठेवा. कुठेही बिल वटवताना रिकोर्सची अट वाचा.

आणि पुढची ऑर्डर घेताना भावाच्या आधी एक प्रश्न विचारून बघा, "साहेब, तुमची कंपनी ट्रेड्सवर बिल मान्य करते का ?"

उत्तर 'नाही' आलं, तर ९० दिवसांचं व्याज तुमच्या रेटमध्ये धरलंय ना, ते एकदा तपासा.