गडावरची भांडी आणि टाक्यातले पाणी

डिसेंबरची सुट्टी लागली की आपल्या घरांतील मुले पाठीवर सॅक टाकून गडांकडे निघतात. पूर्वी हे चित्र विरळ होते. आता मिरज, नाशिक, पुणे, मुंब्रा, कुठूनही पाच-सहा जणांचा गट हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर किंवा राजमाचीला मुक्कामाला जाताना दिसतो. आम्हाला त्याचा आनंदच वाटतो. हलालची खात्री राहावी म्हणून यातली बरीच मुले शिधा, शेगडी आणि पातेले सोबत नेतात आणि स्वतः रांधतात. रांधले की खरकटे आले, तेलकट भांडी आली. जेवण आटोपल्यावर त्यातला एखादा पातेले आणि साबणाची वडी घेऊन टॉर्चच्या उजेडात पाण्याकडे निघतो. त्यालाच आम्हाला थोडे सांगायचे आहे.

सह्याद्रीतील बहुतेक गडांवर पाणी असते ते कातळात खोदलेल्या टाक्यांत. पावसाळ्यात ती भरतात आणि पुढे मे अखेरपर्यंत तोच साठा पुरवायचा असतो. नदीत पडलेली घाण निदान पुढे वाहून तरी जाते. टाक्यात पडलेले तिथेच राहते. भाताची शिते कुजतात, तेलाचा तवंग धरतो, पाण्याला वास येऊ लागतो. साबण तर माशांच्या आणि बेडकांच्या पिल्लांच्या कल्ल्यांना इजा करतो. टाक्यात बुचकळलेले एक पातेले फार काही बिघडवत नाही असे वाटते खरे, पण सुट्टीच्या दिवसांत एकेका गडावर रात्री शेकडो माणसे असतात. आणि तेच पाणी दुसऱ्या दिवशी पिणारेही असतात: मागून आलेले ट्रेकर, गुराखी, गडावर चहा-पिठल्याची झोपडी चालवणारी कुटुंबे. राजमाचीला तर उधेवाडी हे गावच वर माचीवर वसलेले आहे. आपण दोन दिवसांचे पाहुणे असतो. त्यांचे उन्हाळ्याचे चार महिने अजून जायचे असतात.

साचलेल्या पाण्याबाबत आपल्या दीनमध्ये मोघमपणा नाही. न वाहणाऱ्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आलेले आहे. पाण्याच्या ठिकाणी, रस्त्यात आणि लोकांच्या सावलीच्या जागी घाण करणे हे शाप ओढवून घेणारे काम आहे, असा इशारा अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिथे खरकट्याचा उल्लेख नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण दहा जणांच्या पिण्याच्या पाण्यात कालवणाचा रस्सा मिसळणाऱ्याने त्या हदीसचा हेतू काय, याचा विचार स्वतःच करावा.

आता प्रत्यक्ष काम. ते ताटातच सुरू होते. ताट पुसून खाणे आणि बोटे चाटणे ही सुन्नत आपण लहानपणापासून ऐकतो. रानात तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. भाकरीच्या किंवा पावाच्या शेवटच्या तुकड्याने ताट आणि पातेले कोरडे पुसून घ्या, मग घोटभर पाणी ताटात फिरवून पिऊन टाका. आपले आजे-पणजे हे करीत आणि आपण त्यांना हसत असू. एवढे झाले की नव्वद टक्के भांडी घासून झालीच म्हणायची. चौघांनी एकाच सानकेत जेवावे, म्हणजे घासायला एक सानक आणि एक पातेले, बस.

उरलेल्यासाठी पाणी भांड्याकडे आणावे, भांडे पाण्याकडे नेऊ नये. टाके, झरा किंवा ओढा यापासून निदान साठ मीटर, म्हणजे सत्तर-ऐंशी मोठी पावले दूर, जिथे माती आहे अशा जागी बसावे. थोडे पाणी गरम करून पातेल्यात ओतले की चरबी सुटते. हाताने किंवा काथ्याने घासावे. साबणाची गरज सहसा पडत नाही. पायथ्याच्या गावात चूल पेटत असेल तर मूठभर राख मागून घ्यावी; लाकडाची राख क्षारयुक्त असते, तेलाशी मिळून ती स्वतःच साबणासारखे काम करते. राखेसाठी वर शेकोटी मात्र पेटवू नका. हरिश्चंद्रगड, रतनगड हा सारा भाग अभयारण्याचा आहे आणि हिवाळ्यात तिथले गवत वाळून कोळ झालेले असते.

धुतलेले पाणी जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळावे. फडक्यात राहिलेली शिते, मिरचीचे देठ, चहाचा चोथा पिशवीत बांधून खाली आणावा. गाळलेले पाणी एकाच जागी ओतू नये, हात फिरवून लांब-रुंद शिंपडावे, म्हणजे माती ते जिरवते आणि वासावर जनावरे जमत नाहीत. ‘निसर्गात विरघळणारा’ म्हणून महाग साबण विकत मिळतो. त्याचे विघटन मातीतले जिवाणू करतात. थेट पाण्यात गेला तर तोही साबणच. घ्यायचाच तर चार थेंब, आणि तोही त्याच सत्तर पावलांवर. जेवणाआधी हात धुण्यालाही हाच नियम, पण तिथे साबण टाळू नये. ट्रेकवरची निम्मी पोटदुखी हातांतूनच येते असे आमचे मत आहे. धुतलेली भांडी शेवटी उकळत्या पाण्याने विसळून सकाळी उन्हात ठेवावीत. आमच्या अनुभवात चौघांच्या भांड्यांना दोन लिटर पाणी पुरते.

हाडांचा प्रश्न आपल्याकडे विशेष. पुरून टाकली तर कोल्हे-कुत्री रातोरात उकरून काढतात. म्हणून कच्चे मटण वर नेण्याचा हट्ट सोडावा. घरून कोरडा परतलेला खिमा पहिल्या रात्रीपुरता न्यावा, पुढे अंडी आणि खिचडी. चरबीही कमी, घासणेही कमी.

कुत्र्यांवरून आठवले. गडांवर ट्रेकरच्या मागे-मागे चालणारी कुत्री असतात, बिचारी प्रेमळ असतात, पण उष्टी भांडी उघड्यावर ठेवून झोपलात की सकाळी ती चाटून लख्ख केलेली मिळतात. मग कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांना ते भांडे सात वेळा धुवावे लागते, त्यात एकदा मातीने. हनफी मतानुसार तीन वेळा धुणे पुरे मानतात. दोन्ही हिशेबांत सॅकमधले पाणी संपते. जेवल्याबरोबर भांडी आवरलेली बरी.

भांड्यांची कटकटच नको म्हणून कागदी प्लेटांचा गठ्ठा नेणारेही आहेत. त्या प्लेटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्या तिथे कुजत नाहीत. थर्मोकोलच्या ताटांवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी चालतील, पण वापरलेल्या पत्रावळीही खालीच आणाव्या लागतात, मग वजन वाचले कुठे?

वुजूचे पाणीही याच हिशेबात धरा. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर, हनफी मोजणीत थोडे अधिक. तांब्याने किंवा बाटलीने पाणी घेऊन टाक्यापासून दूर बसून वुजू करावा; टाक्यात पाय सोडून बसू नये.

आणि भांडी घासण्याची पाळी लावा. घरी ज्यांनी कधी बशीही विसळली नाही, असे वीर वर गेल्यावर गटातल्या सर्वांत धाकट्याला कामाला जुंपतात. प्रेषित (स.) घरच्या कामांत हातभार लावीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. पहिल्या रात्री सर्वांत मोठ्याने घासावीत, दुसऱ्या रात्री त्याच्या खालच्याने. खरकट्याची पिशवी मात्र ज्याची सॅक सर्वांत हलकी, त्याच्याकडे.